उतार तसाच राहिला

अण्णा, गेल्या महिन्यात मी भर डोंगरात माणसांना मागे फिरायला सांगितलं आणि नंतर काहीच झालं नाही. तेव्हापासून मी एका जागी धड बसत नाहीये. आज रविवार आहे, बर्मिंगहॅममध्ये चक्क ऊन पडलंय, मशीनमध्ये कपडे फिरतायत, आणि मी जेवायच्या टेबलाशी बसून तुम्हाला लिहितेय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण ही गोष्ट सांगायला दुसरं माणूस सापडत नाही. आईला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, तुला काय गरज होती मध्ये बोलायची. तुम्ही काय म्हणाला असतात ते मला माहीत आहे, आणि तिथेच सगळी गोची आहे.

इथे आमचा एक ग्रुप आहे. पुण्या-मुंबईची, नागपूरची माणसं, बहुतेक आयटीतली नाहीतर बँकेतली. दरवर्षी महाराजांच्या जयंतीला कुठल्यातरी शिखरावर भगवा न्यायचा, वर गारद द्यायची, फोटो काढायचा आणि खाली येऊन पिठलं-भात खायचा असा नेम आहे. तिकडे गडावर जातात तसे आम्ही इकडे जातो. फरक एवढाच की फेब्रुवारीत स्कॉटलंडच्या डोंगरांवर भर हिवाळा असतो. तारीख हलवता येत नाही, कारण जयंती ती जयंती. सुट्ट्या घेतलेल्या, मिनीबस ठरवलेली, बर्फातल्या कुऱ्हाडी आणि बुटांना लावायचे खिळे भाड्याने आणलेले. आम्ही दोघे जण सगळ्यांना घेऊन जातो, मी आणि एक नागपूरचा मित्र. दोघांनीही हिवाळी डोंगरांचा कोर्स केलाय. यंदा माझी मुलगीही आली होती. एकोणीस वर्षांची आहे, इथेच वाढली, मराठी मोडकंतोडकं बोलते, केंब्रिजला शिकते, तिथल्या क्लबबरोबर कडे चढते. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. भुवया तुमच्या आहेत, हट्टही तुमचाच म्हणायचा, कारण माझा आहे असं कबूल करायला मी तयार नाही.

तुम्ही बर्फ पाहिला तो उसाच्या रसातला, म्हणून जरा नीट सांगते. मी इकडे यायला निघाले तेव्हा तुम्ही बाजारातून तो जाडाभरडा तपकिरी स्वेटर आणलात आणि बजावलंत, तिकडं गारठा असतोय, ऊन वर आल्याशिवाय घराबाहेर पडू नगंस. बर्फाच्या डोंगरात नेमकं उलटं असतं अण्णा. कडक थंडी असली की बर्फ घट्ट धरून बसतो. भरपूर नवा बर्फ पडला आणि मग हवा एकाएकी गरम झाली, की वरचा थर पाणी पिऊन जड होतो आणि खालचा थर त्याला धरेनासा होतो. मग अख्खा उतार एकदम सुटतो, माणसांसकट. हिमस्खलन म्हणतात, शाळेच्या पुस्तकात होतं, हिमालयाच्या धड्यात. इथेही होतं, आणि इथले डोंगर उंचीने बुटके म्हणून लोक फसतात. रोज दुपारी त्याचा अंदाज जाहीर होतो. आम्ही निघायच्या आदल्या दिवशीचा अंदाज म्हणत होता की पारा चढणार आहे, अमुक दिशेच्या तीव्र उतारांवर धोका बराच आहे, पाचपैकी तीन. आमची वाट त्याच दिशेच्या उतारावरून वरच्या धारेवर जाणार होती. मी रात्रीच्या जेवणाला वाचून दाखवलं. मित्र म्हणाला, "मधलाच आकडा आहे गं, सगळ्यात वरचा नाही." सगळे हसले. मीही हसले, कारण बँकेत मी ज्या खात्यात काम करते त्याचं नावच रिस्क आहे, आणि त्यावरून माझी टर उडवायची पद्धत जुनी आहे.

सकाळी हवा अशी होती की तुम्ही म्हणाला असतात, जत्रेला जावं. निळं आभाळ, वारा नाही, अंगावर ऊन. माणसं टोप्या काढून, जॅकेटं कमरेला बांधून चालतायत. आणि मी चालतेय ती बुटांकडे बघत, कारण पाय गुडघ्यापर्यंत जातोय आणि बर्फ ओला आहे, मुठीत दाबला तर पाणी गळतंय. डोंगराच्या कुशीत एक मोठी खोलगट जागा आहे, तिथून तो उतार सुरू होतो. आम्ही त्याच्या पायथ्याशी पाणी प्यायला थांबलो. वर धारेच्या कडेला बर्फाचं छज्ज्यासारखं पुढे आलेलं टोक होतं, आणि त्याच्याखालून बर्फाचे गोळे आपोआप गडगडत खाली येत होते. लाडवाएवढे निघायचे, खाली येईपर्यंत कलिंगडाएवढे व्हायचे. कुणी हात लावलेला नाही, कुणी वर नाही. ते बघितलं आणि मी पाण्याची बाटली बंद करून पिशवीत टाकली.

मी म्हटलं, "इथून मागे फिरायचं."

मित्र म्हणाला, "अगं, काय मस्त हवा आहे बघ तरी. वारा असता, समोरचं दिसत नसतं, तर मीच म्हणालो असतो चला परत. आज नाही जायचं तर कधी जायचं?" आणि त्याचं चुकतंय असं बाकीच्यांना वाटेना, कारण आपल्या माणसाच्या हाडात हेच बसलंय की थंडी बाधते आणि ऊन पोसतं. मी गोळे दाखवले, ओला बर्फ पिळून दाखवला. डोंगराचा एक लांबचा, सपाट दांडा होता तिकडून जाऊ म्हटलं, पण तो धरला असता तर परत येता येता अंधार झाला असता. मग माझा आवाज चढला. शेवटी मुलगी पुढे आली, भगवा तिच्या पाठीवरच्या पिशवीत होता. "प्लीज हं आई. तू नेहमी असं करते, सगळ्या लोकांसमोर. मी जातो त्यांच्याबरोबर." मोठी मुलगी आहे, तिला काय दंडाला धरून ओढायचं? अर्धी माणसं माझ्याबरोबर उतरली. अर्धी वर गेली, एकेक करून, अंतर ठेवून, म्हणजे उतार सुटलाच तर सगळे एकदम सापडू नयेत, एवढं मात्र मित्राने केलं. मी वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर पाय निघाला नसता.

आता तुमची गोष्ट, जी तुम्ही कधी सांगितली नाहीत आणि अख्ख्या तालुक्याने आम्हाला सांगितली. मी कॉलेजात होते. पाऊस आठवडाभर कोसळून त्या दिवशी उघडला होता, लख्ख ऊन होतं, आणि तुम्ही चालवत होतात त्या एसटीत वऱ्हाड होतं. ज्येष्ठातलं लग्न, नवरदेव मुंडावळ्या बांधून तुमच्या मागच्याच बाकावर. घाटातल्या त्या मोठ्या वळणाच्या अलीकडे चहाची टपरी आहे, तिथे तुम्ही गाडी बाजूला घेतलीत, इंजिन बंद केलंत आणि खाली उतरून बसलात. रस्त्यावर बारीक खडे येऊन पडले होते म्हणे, आणि डोंगरातून एरवी स्वच्छ येणारं पाणी लाल येत होतं. तुम्ही कंडक्टरला म्हणालात, दरड येणार, गाडी जायची न्हाई. आधी लोक हसले, मग विनवण्या झाल्या, मग शिव्या. नवरदेवाच्या मामाने तुमचे पाय धरले. मुहूर्त टळायला आला तरी तुम्ही हलला नाहीत. तेवढ्यात एक जीप हॉर्न वाजवत गेली, मागून ट्रक गेला, मग वऱ्हाडातली माणसं दुसऱ्या एका ट्रकमध्ये उभी राहून गेली. नवरदेवसुद्धा. सगळे त्या वळणावरून पलीकडे गेले, आणि दरड काही आली नाही.

लग्न लागलं संध्याकाळच्या मुहूर्तावर, पण नाक कापायचं ते कापलं गेलं. डेपोतल्या साहेबांनी तुम्हाला सगळ्यांदेखत झापलं. बाजारात पोरंटोरं विचारायची, काय अण्णा, आली का दरड? आई स्वयंपाकघरात भाकऱ्या थापता थापता बोलायची, थापा जास्त जोरात पडायच्या. "चार माणसांत शोभा करून घेतली. गेली असती गाडी तर काय बिघडत होतं?" तुम्ही पाटावर बसून पिठल्यात भाकरी कुस्करत राहायचात. मला तुमचा राग यायचा नाही, लोकांचा यायचा. एकदा मी त्या चुलीपुढे म्हणाले, "अण्णा, पडायला पाहिजे होती ती दरड. मग बसली असती सगळ्यांची तोंडं." तुम्ही माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी ताट बाजूला सारलंत. "तोंड धुऊन ये जा. रोज माणसं जात्यात तिथनं." मी मोरीत जाऊन खरंच तोंड धुतलं. परत आले तेव्हा तुम्ही पुन्हा जेवत होतात, आणि भाकरीकडे बघत म्हणालात, "न्हाई पडली त्ये बरंच झालं की."

एवढंच. एवढं एक वाक्य मी गेले कित्येक दिवस तोंडात घोळवतेय आणि गिळता येत नाहीये.

त्या दिवशी आम्ही खाली कार पार्कला येऊन बसलो. थर्मासमधला चहा सगळ्यांना दिला. माझ्याबरोबर उतरलेली माणसं आधी माझ्याशी गोड बोलत होती, मग गप्प झाली, मग उन्हात बसून वर बघायला लागली, आणि मला कळलं की त्यांना आता आपण उगाच उतरलो असं वाटतंय. मला तो उतार दिसत होता. त्यावर ठिपके दिसत होते. त्यातला माझा कोणता ते ओळखता येत नव्हतं. एकदा धप्पकन आवाज झाला आणि माझ्या हातातलं झाकण खाली पडलं. मागच्या टॉयलेटच्या छपरावरचा बर्फ घसरला होता. एवढासा बर्फ. मी सगळे देव बोलावले. मी म्हटलं, मला खोटं पाडा, चार माणसांत तोंडावर पाडा, पण तिला खाली आणा. अगदी मनापासून म्हटलं, अण्णा. त्या क्षणी मी तुमचीच मुलगी होते.

आणि मग ते आले. उतरताना त्या सपाट दांड्यावरून आले, गाणी म्हणत. भगवा मित्राच्या खांद्यावर होता. मुलीचे गाल लाल झालेले, केस घामाने चिकटलेले, पळत आली आणि म्हणाली, "आई, इट वॉज सो अमेझिंग." आणि मला आनंद झाला, झालाच, पण आधी नाही. आधी राग आला. तिच्यावर नाही, त्या उतारावर. मी इतकं सांगितलं आणि तू नुसता उभा राहिलास. मग आनंद झाला, मी तिला मिठी मारली, पण तो क्षण येऊन गेला तो गेलाच. मित्र मनाने चांगला आहे, तो एवढंच म्हणाला, "चालायचंच. पुढच्या वर्षी चहाचं डिपार्टमेंट तुझं." पिठलं-भात झाला. ग्रुपवर फोटो आला, त्याखाली कुणीतरी लिहिलं, रिस्क मॅडम कुठे दिसत नाहीत. मीही खाली हसरा चेहरा टाकला.

त्यानंतर मी काय करते माहीत आहे? त्या डोंगरासमोर एक कॅमेरा बसवलाय, त्याचं चित्र फोनवर दिसतं. स्कीइंगच्या लोकांसाठी आहे. मी ते रोज बघते. उठल्यावर बघते, ऑफिसात मीटिंग चालू असताना टेबलाखाली बघते. बघते की तो उतार सुटला का. एकदा जरी सुटला असता तरी मी चित्र जपून ठेवलं असतं आणि ग्रुपवर टाकलं असतं, वर एक शब्द लिहिला नसता. पण तो सुटला नाही. त्याच गरम हवेत तो हळूहळू बारीक होत गेला, मग मध्ये मध्ये गवत दिसायला लागलं, मग नुसता तपकिरी डोंगर राहिला. माझं बरोबर होतं की चूक, ते पाण्याबरोबर ओढ्यातून वाहून गेलं. आता कुणालाच कळणार नाही.

आणि मला अचानक तुमची मान आठवली. कॉलेजला मी तुमच्याच गाडीने जायचे, इंजिनाच्या कडेच्या सीटवर. त्या वळणावर आलो की तुम्ही गिअर उतरवायचात आणि मान वाकवून काचेतून वर बघायचात. दर खेपेला, पावसात, उन्हाळ्यात, दिवाळीतही. मला वाटायचं, अण्णा अजून घाबरतात. मला तुमची दया यायची. आता वाटतं, तुम्ही घाबरत होतात, की माझ्यासारखे बघत होतात, सुटली का म्हणून? मागच्या खेपेला मी देशात आले तेव्हा मुद्दाम तिकडून गेले. दरड तशीच आहे. तिच्याखाली आता हॉटेल झालंय, सेल्फी पॉइंट आहे, लोक पाठ डोंगराकडे करून फोटो काढतात. मी गाडीतून उतरले नाही. ड्रायव्हरला म्हटलं, चला इथून लवकर, आणि तोही हसला.

एवढ्यावर राहिलं असतं तर मी जीव शांत करून घेतला असता. पण तोंडावर पडल्याचं एवढं काही नाही, अण्णा, माझी पोरगी त्या दिवशी काय शिकली ते मला खातंय. ती शिकली की गोळे गडगडत आले, बर्फ ओला असला, आई ओरडली, तरी उतार धरतो. हे तिला आता कुणी पुसून देणार नाही. काल सकाळी तिचा फोन आला. "आई, नेक्स्ट वीकेंडला आम्ही क्लबबरोबर परत जातोय, सेम एरियात. आधीच सांगते, लेक्चर नको."

मी विचारलं, "हवा काय म्हणते?"

"मस्त. आता सगळा आठवडा स्नो आहे, मग शनिवारपासून वॉर्म होणार. लास्ट टाइमसारखंच."

लास्ट टाइमसारखंच. माझ्याकडे बोलायला इतकं होतं की कुठून सुरुवात करू कळेना. महिनाभर आंघोळ करताना, बसस्टॉपवर, भाजी चिरताना मी तिला सुनावायची वाक्यं घासूनपुसून ठेवली होती. ती सगळी तोंडाशी आली, आणि बाहेर पडलं ते भलतंच. मी म्हटलं, "त्या दिवशी तो उतार पडला नाही, ते बरंच झालं गं."

मागे तिच्या हॉस्टेलात कुणीतरी भांडी आपटत होतं. मग म्हणाली, "तू रागावली नाही?"

"नाही."

"तू रागावली होती, आई. कार पार्कमध्ये मी तुझा चेहरा बघितला."

बघा. कुणाची नात. मग तीच हळू आवाजात म्हणाली, "ते बॉल्स खाली येत होते ना, ते काय असतं? मी पण बघत होती, वर जाताना. एक माझ्या बाजूने गेला. मला भीती वाटली होता थोडी. कोणाला सांगितलं नाही, सगळे म्हणतील आई जैसी बेटी."

मग मी तिला सांगितलं. ओरडून नाही, भाजी कशी निवडायची ते सांगतात तसं. नवा बर्फ, मग ऊब, मग ओला थर. गोळे म्हणजे काय, बुटाखाली धप असा आवाज आला तर काय, छज्ज्याखालून का जायचं नाही, निघायचं ते उजाडायच्या आत आणि हवा गरम व्हायच्या आधी खाली यायचं. ती ऐकत होती, मध्ये मध्ये विचारत होती. शेवटी म्हणाली, "ओके. तसं दिसलं तर मी मागे फिरते. प्रॉमिस नाही करत, पण बघते." मी म्हटलं, बरं. आणखी काही म्हणाले असते तर होतं तेही गेलं असतं.

तर तुमचं वाक्य कामाला आलं, अण्णा. माझं बरोबर होतं असं म्हटलं असतं तर तिने फोन ठेवला असता, आणि ती आतल्या आत घाबरली होती ते मला कधी कळलंच नसतं. पण मी ते वाक्य बोलले तेव्हा ते खोटं होतं. म्हणून विचारावंसं वाटतं, चुलीपुढे बसून, भाकरीकडे बघत तुम्ही ते म्हणालात, ते खरं होतं का? की माझं मन वाईटाकडे वळू नये म्हणून मला दिलंत, स्वेटर दिलात तसं, तुमच्या स्वतःच्या अंगात नसताना? उत्तर यायचं नाही, आणि हा कागद पाठवायला पत्ताही नाही. मशीन थांबलंय, कपडे वाळत घालायला हवेत, मग हा घडी करून स्वेटरच्या कप्प्यात ठेवीन.

एक मात्र सांगते. तिचा फोन ठेवला आणि पहिलं काम काय केलं असेल तर तो कॅमेरा उघडला. नवा बर्फ पडतोय, उतार पुन्हा पांढरा व्हायला लागलाय. तो सुटावा असं मला अजूनही वाटतं, शनिवारच्या आत, रिकामा, वर कुणी नसताना. तिच्यासाठी वाटतं की माझ्यासाठी, ते तेवढं विचारू नका.